लँगहोमचा स्तंभ आणि गावची शिव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच दक्षिण स्कॉटलंडच्या प्रवासावरील एक लेख वाचला. लेख वाचनीय आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत. मात्र त्यात एस्क नदीकाठच्या लँगहोम या गावाची बोळवण दोन वाक्यांत झाली आहे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगच्या पूर्वजांचे हे गाव, हे पहिले वाक्य. आणि गावामागच्या टेकडीवर ‘कोणा इंग्रज सेनापतीचा’ उंच दगडी स्तंभ आहे, हे दुसरे. ज्याच्या स्मरणार्थ तो स्तंभ उभा आहे तो मनुष्य इंग्रज नव्हता, त्याच परिसरात जन्मलेला स्कॉटिश होता. आणि मराठी वृत्तपत्राने त्याला ‘कोणी’ म्हणावे, हे तर मुळीच पटण्याजोगे नाही. त्याचे नाव सर जॉन मालकम. ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ज्याच्या स्वाधीन होऊन पेशवाईचा शेवट केला, तोच हा मालकम; महाबळेश्वरच्या बाजारपेठेला ज्याच्या नावावरून मालकम पेठ म्हणत, तोही हाच.

एवढी दुरुस्ती एका ओळीत संपली असती. पण त्या गावाचा इतिहास मराठी वाचकासमोर थोडा सविस्तर यावा असे मला वाटते. माझी सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. शिवेचे दगड, बांध, टिपणे आणि गायरानांचे तंटे यांतच आयुष्याची तीन दशके खर्ची पडली. मुलीच्या घरी कार्लाईल येथे राहायला गेलो असता तिथून वीस मैलांवरच्या लँगहोमला दोनदा जाणे झाले, आणि आपल्या हद्दीबद्दल इतके जागरूक असलेले दुसरे गाव मी पाहिलेले नाही.

लँगहोम (स्थानिक लोक ‘लँगम’ असा उच्चार करतात) हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. एस्क नदीला इथे यूझ आणि वॉकप या दोन लहान नद्या येऊन मिळतात. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने हा त्रिवेणी संगमच झाला. इंग्लंडची हद्द गावाच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर आहे. या भूगोलातच गावाच्या पहिल्या काही शतकांचा इतिहास सामावलेला आहे. १ मे १४५५ रोजी याच संगमाजवळ आर्किनहोमची लढाई झाली आणि डग्लस या बलाढ्य सरदार घराण्याचा स्कॉटलंडच्या राजाच्या पक्षाने मोड केला. त्यानंतर दीडशे वर्षे सीमेच्या दोन्ही अंगांना लुटारू घराण्यांचे राज्य होते. घोड्यावर बसून रात्री पलीकडे जायचे, गुरे हाकून आणायची, आणि पाठलाग झालाच तर दलदलीत गडप व्हायचे, हा तिथला जवळजवळ मान्यताप्राप्त व्यवसाय होता. आर्मस्ट्राँग हे त्यांतले सर्वांत दांडगे घराणे. गावापासून थोड्या अंतरावर नदीकाठी त्यांचा गिलनॉकी नावाचा चौकोनी बुरूज आजही उभा आहे. त्यांचा म्होरक्या जॉनी आर्मस्ट्राँग याला पाचव्या जेम्स राजाने १५३० मध्ये भेटीस बोलावले आणि आलेल्या साथीदारांसह फासावर चढवले. भेटीच्या निमित्ताने बोलावून गळा कापण्याच्या कथा आपल्या इतिहासातही कमी नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

माझ्या व्यवसायामुळे मला त्या लढायांपेक्षा १५५२ सालची एक मोजणी अधिक महत्त्वाची वाटते. लँगहोमच्या दक्षिणेस, एस्क आणि सार्क या नद्यांच्या दरम्यान, एक पट्टा असा होता की तो स्कॉटलंडचा की इंग्लंडचा हेच ठरलेले नव्हते. त्याचे नावच मुळी ‘वादग्रस्त भूमी’ असे पडले होते. तिथे कोणाचाच कायदा चालत नसल्याने तो पट्टा लुटारूंचे माहेरघर बनला होता. अखेर दोन्ही राज्यांनी आयुक्त नेमले. स्कॉटिश आयुक्तांनी एक रेषा सुचवली, इंग्रज आयुक्तांनी दुसरी, आणि फ्रान्सच्या राजदूताने मध्यस्थ म्हणून दोहोंच्या मधून तिसरी रेषा ओढली. ती रेषा जमिनीवर उतरवण्यासाठी दोन समांतर चर खणून निघालेल्या मातीचा मधोमध बांध घातला आणि दोन्ही टोकांना दगड रोवले. सुमारे साडेतीन मैलांचा हा ‘स्कॉट्स डाइक’ झाडीत हरवत चालला असला तरी अजून ओळखू येतो. दोन भावांच्या वाटणीत तलाठ्याने मधला मार्ग काढावा, तसेच हे दोन राष्ट्रांचे प्रकरण मिटले. माझ्या अनुभवात असा बांध पुढच्या पावसाळ्यातच कोणीतरी नांगरून टाकतो. हा मात्र पावणेपाचशे वर्षे टिकला आहे.

१६०३ मध्ये दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर आले. सीमा राहिली, पण सीमेवरची लूट किफायतशीर राहिली नाही. आर्मस्ट्राँगांना निर्दयपणे मोडून काढण्यात आले. पुढे लँगहोमची जमीन बक्लू या सरदार घराण्याकडे गेली आणि अठराव्या शतकात गाव विणकर, मेंढपाळ आणि गवंडी यांचे झाले. १७७८ मध्ये बक्लूच्या ड्यूकने नदीच्या पश्चिम तीरावर नवे लँगहोम वसवले, त्याला लागून कापसाची गिरणी आली, आणि नंतरच्या शतकात लोकरी ट्वीड कापडासाठी गावाचे नाव झाले. आता बहुतेक गिरण्या बंद आहेत. १८६४ मध्ये आलेली रेल्वे प्रवाशांसाठी १९६४ मध्ये बंद झाली. शंभर वर्षे पुरी करून गेली म्हणायची.

आता शिवेकडे वळतो. गावाभोवतीच्या माळावर सामाईक जमीन होती. तिथून गावकरी दलदलीतले पीट हे जळण काढत, नेचा कापत, घरासाठी दगड नेत, गुरे चारत. आपल्याकडचे गायरान, सरपण आणि मुरुमाची खाण या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर जे होईल तेच हे. शेजारच्या जमीनदारांशी यावरून वाद झाला आणि १७५९ मध्ये एडिंबरोच्या उच्च न्यायालयाने सामाईक जमिनीची हद्द ठरवून दिली. कागदावरचा निकाल आणि जमिनीवरची खूण यांत किती अंतर असते हे मोजणी खात्यातल्या माणसाला सांगायला नको. त्या गावकऱ्यांनाही ते ठाऊक असावे. त्यांनी दर वर्षी एक माणूस हद्दीवरून फिरवण्याचा प्रघात पाडला. त्याने खुणेचे खड्डे साफ करायचे, दगडांच्या राशी नीट रचायच्या, आणि कोणी अतिक्रमण केले असेल तर गावाला येऊन सांगायचे. हे काम आर्ची बीटी नावाच्या गावकऱ्याने आयुष्यभर पायी फिरून केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोक घोड्यावरून जाऊ लागले, आणि त्याचा मोठा वार्षिक उत्सव झाला. त्याला ‘कॉमन रायडिंग’ म्हणतात. तो जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी भरतो आणि त्या दिवशी गावातली दुकाने, शाळा, कामे सगळे काही थांबते.

मी तो पाहिला आहे. गावातून एक तरुण दर वर्षी ‘कॉर्नेट’ म्हणून निवडला जातो. गावाचा ध्वज त्याच्या हाती असतो आणि त्याच्या मागे घोडेस्वारांची रांग लागते. चौकात एक मनुष्य घोड्याच्या पाठीवर उभा राहून जाहीरनामा वाचतो. दुसरा कोणी घोड्याला धरून असतो म्हणून बरे. जाहीरनाम्याची भाषा जुनी स्कॉट्स आहे आणि ती दर वर्षी शब्दशः तीच असते. जत्रेत दंगा करणाऱ्याचा कान खिळ्याने खांबाला ठोकला जाईल, अशी त्यात जरब आहे, आणि शेवटी हे फर्मान काढणारा अधिकारी म्हणतो की आता मी घरी जातो आणि भाकरी व खारवलेला मासा खातो. इतकी माणसाळलेली राजाज्ञा मी दुसरी ऐकलेली नाही. मिरवणुकीत चार निशाण्या उंच काठ्यांवर मिरवतात. लाकडी ताटलीवर सातूची भाकरी आणि तिच्यावर खारवलेला हेरिंग मासा खिळ्याने ठोकलेला असतो. गिरणीवरच्या आणि नदीतल्या मासेमारीवरच्या जहागीरदाराच्या हक्काची ती खूण आहे असे सांगितले जाते. दुसरी निशाणी फुलांनी मढवलेले फावडे. खड्डे साफ करण्याचे आणि ढेकळे उलटवण्याचे ते हत्यार, त्यामुळे माझे मन साहजिकच त्याच्यावर बसले. तिसरे भलेमोठे काटेरी थिसलचे झाड, आणि चौथा फुलांचा मुकुट. मग सगळे घोडे चर्चजवळच्या अरुंद चढाच्या गल्लीतून भरधाव वर चढतात आणि व्हिटा टेकडीकडे निघतात. आमच्याकडे बगाडाच्या दिवशी बावधनच्या रस्त्यावर जो श्वास रोखलेला असतो, त्याची मला त्या गल्लीच्या तोंडाशी आठवण झाली.

मालकमचा स्तंभ आहे तो याच व्हिटा टेकडीवर. गावाच्या पूर्वेस असलेली ही टेकडी सुमारे ३५५ मीटर उंच आहे, आणि १८३५ मध्ये तिच्या माथ्यावर उभारलेला स्तंभ शंभर फुटांचा आहे. घोडेस्वार दर वर्षी त्याच्या जवळपास जाऊन आपल्या जमिनीची शिव पाहतात.

जॉन मालकमचा जन्म २ मे १७६९ रोजी एस्कच्याच काठी, लँगहोमच्या वरच्या अंगाला असलेल्या बर्नफुट या शेतवाडीवर झाला. बाप कुळ म्हणून मेंढ्यांची शेती करणारा, सतरा मुले, आणि बुडालेल्या व्यवहारामुळे डोक्यावर कर्ज. अशा घरातली मुले घराबाहेर पाठवावी लागतातच. वेस्टरकर्कच्या शाळेत कसलीही खोडी झाली की मास्तर म्हणत, ‘यामागे जॉकच (म्हणजे जॉनच) असणार.’ पुढे मालकमने इराणचा मोठा इतिहास लिहिला तेव्हा त्याची प्रत या जुन्या मास्तरांना पाठवताना पहिल्या पानावर त्याने हेच वाक्य लिहिले होते. १७८१ मध्ये बारा वर्षांचा असताना त्याला लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांसमोर उभे केले. हैदर अली भेटला तर काय करशील, असे एकाने विचारले. तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे पोराने सांगितले आणि त्याची निवड झाली, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. हैदर अलीचे डोके उडवण्याचा प्रसंग आला नाही. मालकम १७८३ मध्ये मद्रासला पोहोचला तेव्हा हैदर आधीच मरण पावला होता.

जेम्स, पुल्टनी आणि जॉन या तिघा भावांना १८१५ मध्ये एकाच वेळी ‘केसीबी’ हा मानाचा ब्रिटिश किताब मिळाला. पुल्टनी आरमारात अ‍ॅडमिरल झाला, आणि सेंट हेलेना बेटावर नेपोलियन कैदेत असताना तिथल्या आरमाराची सूत्रे काही काळ त्याच्याकडे होती; त्याचा पुतळा लँगहोम गावात आहे. धाकटा चार्ल्स मुंबईच्या कंपनी आरमाराचा प्रमुख होता. त्याच्याच कारकिर्दीत, १८३० मध्ये, ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून सुएझला पोहोचली. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर त्याचा भाऊ जॉनच होता. एका कर्जबाजारी कुळाच्या घरातून इतके अधिकारी एकाच पिढीत निघाले, याला कर्तबगारी जितकी कारण होती तितकीच खोऱ्यातल्या नात्यागोत्याची साखळी. जवळच्या वेस्टरहॉलच्या जॉनस्टन घराण्याचे हात कंपनीपासून पार्लमेंटपर्यंत पोहोचले होते, आणि मालकमचे आजोळचे पास्ली लंडनमध्ये व्यापार करून होते. आमच्याकडे ‘आपला माणूस’ म्हणतात, त्याचीच ही स्कॉटिश आवृत्ती.

मराठी मुलुखाशी मालकमचा संबंध पंधरा मिनिटांच्या भेटीचा नव्हता, तो जवळजवळ तीस वर्षांचा होता. डिसेंबर १८०३ मध्ये शिंद्यांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाच्या वाटाघाटींत तो होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत नदी ओलांडून चाल करणाऱ्यांत तो पुढे होता, आणि ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह त्याने केला. त्यानंतर पाच महिन्यांनी अशीरगडाच्या परिसरात भटकणारा बाजीराव त्याच्या छावणीत दाखल झाला. मालकमने त्याला वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा कबूल केला, तेव्हा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज नाराज झाला. रक्कम फार मोठी आहे असे त्याचे मत होते. मालकमचे म्हणणे असे की लढाई लांबवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. बाजीराव बिठूरला आणखी तेहतीस वर्षे जगला, त्यामुळे हिशेब कोणाचा बरोबर ठरला हे ज्याने त्याने ठरवावे.

१८२७ ते १८३० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर असताना महाबळेश्वरला हवापालटाचे ठिकाण वसले. ती जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखात होती. १८२९ च्या तहाने ती कंपनीने घेतली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचे खंडाळा गाव दिले (लोणावळ्याजवळचे नव्हे). एका कागदाने दोन ठिकाणच्या शिवा बदलल्या. या अदलाबदलीत तिथल्या कुणब्यांना, धावड-कोळ्यांना कोणी विचारले असेल असे मानायला मला जागा दिसत नाही. आणि लँगहोमच्या चौकात त्या जाहीरनाम्याचे शब्द ऐकताना माझ्या मनात हाच विचार घोळत होता, की ज्या खोऱ्यातली माणसे आपल्या माळावरचा एक खड्डा बुजू नये म्हणून दर वर्षी घोडे पळवतात, त्याच खोऱ्यातला एक मुलगा दूरच्या देशांच्या हद्दी इतक्या सहज पुसून नव्याने आखत गेला. हा दोष मी मालकमला एकट्याला देत नाही. त्याच्या काळच्या अधिकाऱ्यांत तो बराच उदार होता, माळव्यावरचे त्याचे लेखन आजही अभ्यासकांना लागते, आणि जुन्या संस्थानांना एकाएकी हात लावू नये असे त्याचे मत होते. परंतु तो स्तंभ पाहताना मराठी माणसाच्या मनात हे दोन्ही यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या लेखात त्यातले एकही आले नाही.

स्तंभावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की गाव मालकममय आहे. माझ्या मते त्या खोऱ्याने जगाला दिलेला सर्वांत मोठा मनुष्य टॉमस टेलफर्ड आहे. १७५७ मध्ये वेस्टरकर्कजवळ ग्लेनडिनिंग येथे एका मेंढपाळाच्या झोपडीत तो जन्मला आणि तीन महिन्यांचा असतानाच बाप वारला. लँगहोममध्ये गवंड्याच्या हाताखाली तो पाथरवटाचे काम शिकला, एस्कवरच्या पुलाच्या बांधकामावर त्याने दगड घडवले, आणि बापाच्या थडग्यावरचा लेखही त्याने स्वतःच कोरला. त्यात त्याने बापाला ‘तेहतीस वर्षे निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगलेला’ असे म्हटले आहे. मोठ्या माणसाच्या बापाविषयी इतके नेमके आणि इतके थोडके शब्द क्वचितच कोणी लिहिले असतील. लँगहोमच्या एका पास्ली बाईंनी त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि तिथून त्याला वाचनाचे वेड लागले. पुढे त्याने वेल्समधला मेनाय सामुद्रधुनीवरचा झुलता पूल, कॅलेडोनियन कालवा आणि स्कॉटिश डोंगराळ मुलखातले रस्ते बांधले, आणि १८२० मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

पुस्तकांचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. वेस्टरकर्कला अँटिमनी धातूची खाण होती. तिथल्या खाणकामगारांनी १७९३ मध्ये स्वतःचे ग्रंथालय काढले. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या सुमारास, पुस्तके बदलून दिली जात, कारण लांबून डोंगर ओलांडून येणाऱ्यांना परतीच्या वाटेवर चांदणे लागे. टेलफर्डने मृत्युपत्रात या ग्रंथालयाला आणि लँगहोमच्या ग्रंथालयाला प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. खाण केव्हाच बंद पडली. ग्रंथालय आहे.

लँगहोमच्या ग्रंथालयाखाली टपाल कार्यालय होते, आणि तिथे राहणाऱ्या पोस्टमनच्या मुलाला वरची सगळी पुस्तके खुली होती. कपडे धुवायला न्यायची मोठी टोपली घेऊन तो वर जाई आणि भरून खाली आणी. १८९२ मध्ये जन्मलेला हा मुलगा म्हणजे ख्रिस्तोफर मरे ग्रीव्ह. ह्यू मॅकडायर्मिड या नावाने तो विसाव्या शतकातला स्कॉटलंडचा सर्वांत मोठा कवी झाला. त्याने इंग्रजीऐवजी गावाकडच्या स्कॉट्स बोलीला काव्याची भाषा केले, १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि आयुष्यभर गावाशी भांडत राहिला. गावही त्याच्यावर फारसे खूष नव्हते. गावाने मानद नागरिकत्वाचा पहिला मान ११ मार्च १९७२ रोजी नील आर्मस्ट्राँगला दिला. त्या समारंभात एक जुना, रद्द न झालेला कायदा वाचून दाखवला गेला म्हणतात, की आर्मस्ट्राँग आडनावाचा मनुष्य गावात सापडल्यास न्यायाधीशाने त्याला फाशी द्यावे. मॅकडायर्मिडला तो मान मिळाला नाही. तो १९७८ मध्ये वारला आणि लँगहोमलाच पुरला गेला. १९८५ मध्ये व्हिटाच्या उतारावर त्याचे स्मारक झाले: पोलाद आणि कांशाचे, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचे. मालकमच्या स्तंभापासून ते दूर नाही. साम्राज्याचा गव्हर्नर आणि साम्राज्याचा कट्टर विरोधक एकाच टेकडीवर आहेत. वाऱ्यापावसात दोघांचीही सारखीच परवड होते.

आपल्या वाचकांत गोमंतकीय पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक नोंद. गोव्यात काही वर्षे काढलेला पोर्तुगीज महाकवी कामोंइश याने वास्को द गामाच्या सफरीवर जे महाकाव्य रचले, त्याचा अठराव्या शतकातला गाजलेला इंग्रजी पद्यानुवाद विल्यम ज्युलियस मिकल याने १७७६ मध्ये प्रसिद्ध केला. हा मिकल लँगहोमच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याने तो ग्रंथ गावच्या मालकाला, म्हणजे बक्लूच्या ड्यूकला, अर्पण केला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी मक्तेदारीची बाजूही त्याच्या प्रास्ताविकात लावून धरली. ड्यूक हा अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचा शिष्य, आणि स्मिथ मक्तेदारीचा कडवा टीकाकार. अर्पणपत्रिकेसाठी याहून अवघड जागा शोधणे कठीण होते.

लेखकाच्या नजरेतून निसटलेली शेवटची गोष्ट अगदी अलीकडची आहे. बक्लूच्या इस्टेटीने गावाभोवतीचा माळ विकायला काढला तेव्हा गावातल्या एका लोकसंस्थेने वर्गणी आणि देणग्या गोळा करून २०२१ मध्ये ५,२०० एकर जमीन ३८ लाख पौंडांना विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी आणखी ५,३०० एकर २२ लाख पौंडांना. या माळावर पूर्वी ग्राऊस पक्ष्यांची शिकार चाले आणि त्यांना खाणाऱ्या भोवत्या जातीच्या शिकारी पक्ष्यांवरून वर्षानुवर्षे वाद होता. आता तिथे टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र आहे. ज्या गावाने १७५९ च्या निकालातली सामाईक जमीन घोड्यावर बसून राखली, त्याने अडीचशे वर्षांनी ड्यूकची जमीन पैसे मोजून सामाईक केली. माझ्या नोकरीत मी असंख्य गायराने खासगी नावावर चढताना पाहिली. उलटा फेरफार एकदाही नोंदवला नाही.

तरी कृपया पुढील अंकात ‘इंग्रज सेनापती’ या शब्दांची दुरुस्ती छापावी, आणि स्तंभ कोणाचा हेही लिहावे. त्या लेखावरून कोणी तिकडे जाणार असेल तर त्याने जुलैच्या शेवटच्या शुक्रवारचा बेत आखावा आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचावे, कारण पहाटे पाचलाच बासरीवाल्यांचा ताफा गाव जागे करीत रस्त्यांतून फिरतो. व्हिटावर चढताना छत्री उपयोगाची नाही, वारा ती उलटी करतो. महाबळेश्वरला आषाढात वापरतात तसली इरली मिळाली असती तर ती मी नेली असती.

आपला,
एक निवृत्त भूमापक,
वाई, जि. सातारा